खुळखुळ्याचा ढीग

आश्विन लागला की आमच्या कामाची सगळी घडीच बदलते. पुण्याजवळच्या एका शिक्षणसंस्थेची बाग माझ्याकडे आहे. पावसाळाभर वाफ्यांतलं पाणी काढून देणारी आम्ही माणसं ऑक्टोबरच्या उन्हात कुंड्या करपू नयेत म्हणून पाइप घेऊन धावत असतो. पहाटे दव, दुपारी नुसती काहिली. त्यात दसरा-दिवाळीची साफसफाई. कंपाउंडच्या भिंतीलगत खुळखुळा कमरेएवढा माजला होता, पिवळी फुलं आणि फुगलेल्या शेंगा एकाच वेळी अंगावर घेऊन. "भिंत दिसली पाहिजे," असा ऑफिसातून निरोप आला होता.

सकाळी मावशींनी आणि पोरांनी निम्मी रांग उपटून रस्त्याकडेला ढीग घातला. मी शेवंतीच्या कुंड्यांची कीड बघत होते. ऊन चढल्यावर मावशींची हाक आली, "ताई, लवकर या! हात घालवंना ढिगात."

उपटलेली रोपं उन्हानं माना टाकून पडली होती आणि त्यांच्यावर फुलपाखरांचा नुसता थर. काळ्या पंखांवर फिकट निळे ठिपके असलेले ब्लू टायगर, नारिंगी स्ट्राइप्ड टायगर, तपकिरी कॉमन क्रो. दहा पावलांवर झेंडू ऐन बहरात होता, तिकडे त्यांच्यातलं एकही फिरकत नव्हतं. मी उकिडवी बसले. एक ब्लू टायगर सुकलेलं पान पायांनी खरवडत होता, मग सोंड टेकवून तिथेच ओलावा सोडायचा आणि विरघळलेलं परत शोषून घ्यायचा. बोट जवळ नेलं तरी हलला नाही.

"ढोरं तोंड लावत न्हाईत ह्याला," मावशी म्हणाल्या, "आन् ही बघा."

ढोरं ज्यासाठी टाळतात, त्याच्याचसाठी ही येतात. खुळखुळ्यात पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स नावाची विषारी द्रव्यं असतात. रोप जखमी झालं, सुकू लागलं की ती सहज हाती लागतात, म्हणून उभ्या रांगेपेक्षा ढिगावर गर्दी. येणारे बहुतेक नर. त्यातून ते मादीला रिझवणारा गंध तयार करतात. शिवाय अंगात साठलेल्या विषामुळे पक्षी त्यांना टाळतात, आणि मीलनात त्यातला वाटा मादीकडे, तिच्याकडून अंड्यांपर्यंत जातो. भुरुंडीच्या सुकलेल्या रोपांवरही हाच प्रकार चालतो. हे सगळं मी वाचलं होतं. पण कचरा म्हणून घातलेल्या ढिगावर ते असं उघड्यावर घडताना बघून माझ्या अंगावर शहारा आला.

तेवढ्यात ट्रॉली आली, मागोमाग ऑफिसातले साहेबही. मी ट्रॉलीच्या आडवी उभी राहिले. "साहेब, आधी इथं खाली बसून बघा, मग सांगा उचलू का." ते खरोखर बसले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "उचलायचं कधी मग?"

"वाळून कोळ झाला, ही येईनाशी झाली की."

ट्रॉलीत फक्त गवत आणि छाटलेल्या फांद्या गेल्या. पुढची भिंत मोकळी करायची, विहिरीकडची रांग शेंगा वाळेपर्यंत ठेवायची, असं तिथल्या तिथे ठरलं. तिथे गुरं येत नाहीत, हे मी साहेबांना खात्रीनं सांगितलं. मावशींनी लगेच पोरांना विहिरीपासून लांब, पुढच्या गेटपाशी कामाला लावलं.