ह्यो चाटू न्हय, ह्या वल्हा!

मी लाकडी चमचे करतो. म्हणजे पोट त्याच्यावरच चालतं असं नाही, दाराची बिजागरी बसवणं, गणपतीचे पाट, जुन्या घराचे वासे बदलणं हे सगळं चालूच असतं, पण गेली काही वर्षं फावल्या वेळात चमचे. आमचे वडील होड्यांची वल्ही करायचे, वेंगुर्ल्यापासून शिरोड्यापर्यंत त्यांचं गिऱ्हाईक होतं. मग होड्यांना इंजिनं बसली आणि घरांना अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या आल्या, सुताराला काम काय उरलं ते तुम्हीच बघा. चमच्याला निदान लाकूड थोडं लागतं आणि मुंबईची माणसं दोन पैसे जास्त देतात, प्रदर्शनात त्याला स्पॅच्युला म्हणायचं एवढंच.

तर त्या दिवसाचं सांगतो. २०२१ चा ऑक्टोबर, पाऊस नुकता ओसरलेला. त्याच्या आधी महिनाभर मला डोंबिवलीवरून एका मुलीचा फोन आला होता, की आमच्या आजीचा चाटू खराब झालाय, तिला डिट्टो तसाच हवाय, फोटो व्हॉट्सअ‍ॅप करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चाटू म्हणजे लांब दांड्याची लाकडी पळी, पुढे पसरट, एका अंगाने किंचित खोलगट. पेज ढवळायला, आंब्याचा रस आटवायला, आमसुलाचं सार करायला. आंबट काही कळकू नये म्हणून आमच्याकडे बायका त्यात पितळेची पळी घालत नाहीत, त्याला लाकूड नाहीतर करवंटीची डवली.

फोटो आला. काळा पडलेला चाटू, टोक एका बाजूने तिरकं. मला वाटलं टोक तुटलंय. मी शिवण नावाच्या झाडाच्या लाकडाचा मस्त गोलसर टोकाचा चाटू केला, खोबरेल लावला, पॉलिश पेपर मारून गुळगुळीत, आणि आजीच्या गावाकडे जाणाऱ्या टेम्पोवाल्याकडे दिला. चार दिवसांनी नातीचा फोन, की आजी नको म्हणतेय. का तर सांगत नाही, तुम्हीच बोला. आजींना फोन दिला तर पलीकडून एकच वाक्य:

"ह्यो चाटू न्हय रे झिला, ह्या वल्हा!"

वल्ही करणाऱ्याच्या पोराला हे ऐकायला लागणं म्हणजे काय ते समजून घ्या. हसलो पण लागलंही. म्हटलं उद्या येतो.

सकाळी आठला गाडी काढली. वाकस म्हणजे लाकूड तासायचं आडव्या पात्याचं हत्यार, दोन पटाश्या, मोगरी, वाकडी सुरी, करवत सगळं पिशवीत, कारण तिथेच बसून करून द्यायचा असं मनाशी ठरवलेलं. कुडाळच्या बाजूला आत एक वाडी, सारवलेलं खळं म्हणजे अंगण, कौलारू घर, आणि घराच्या उजव्या अंगाला पडलेला फणस. १६ मेला रविवारी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून वर गुजरातकडे गेलं तेव्हा पडलेला. आंबे, माड, फणस किती गेले त्या दिवशी, काही बागांत तर आडव्या झालेल्या कलमांवरून चालायला लागत होतं. हा फणस नशिबाने घरावर न पडता परसात पडला. तलाठ्याचा पंचनामा झाला, फांद्या सरपणाला गेल्या, खोड तिथेच पावसात पडून.

आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मला खळ्यात बसवलं, "बस, च्या ठेवतंय" म्हणत आत गेल्या आणि येताना जुना चाटू घेऊन आल्या.

तो हातात घेतला आणि माझं तोंड बंद झालं. तुटलेला नव्हताच तो. झिजलेला होता. लांब बाजू आणि आखूड बाजू यात दीड बोटाचा फरक, आणि ती तिरकी कड इतकी गुळगुळीत की माझ्या पॉलिश पेपरला जन्मात जमणार नाही. दांड्यावर मात्र वाकसाचे घाव तसेच, ज्याने केला त्याने तिथे सुरीसुद्धा फिरवली नव्हती. कोणी केला विचारलं तर म्हणाल्या सुतार कोण तो आठवत नाही, लग्न होऊन आले तेव्हा चुलीकडे होताच.

आता इथे मला एक गोष्ट खटकली. उजव्या हाताने ढवळणारा माणूस टोपाचा तळ खरवडतो ना, तेव्हा चाटूची डावीकडची कड तळाला घासते, दांडा आपल्याकडे आणि खोलगट बाजू वर धरून बघायचं. वर्षानुवर्षं तीच कड घासली की तिथूनच झिजणार. तुमच्या घरात जुना लाकडी चमचा असेल तर आत्ता जाऊन बघा. आणि आजींचा चाटू झिजलेला उजवीकडून. म्हणून मी विचारलं, "आजी, तुम्ही डावऱ्या काय?"

"नाय रे. मी कित्याक डावरी!"

"मग ढवळून दाखवा बघू."

त्यांनी टोप घेतला, उजव्या हातात चाटू घेतला, आणि उलटा धरला! खोलगट बाजू खाली, फुगीर बाजू वर. उलटा धरला की तिरकी कड आपोआप डावीकडे येते आणि टोपाच्या तळाला बरोब्बर बसते. म्हणजे या बाईने पन्नास वर्षं चाटू उलटा वापरला आणि घरात कोणाच्या लक्षात नाही, त्यांच्या स्वतःच्यासुद्धा नाही. कारण त्यांच्या हातात आला तेव्हा तो आधीच एका बाजूने खाल्लेला होता.

"तुमच्या आधी कोण वापरायचं?"

"माझी सासू." मग जरा थांबल्या, आतल्या बाजूला बघितलं, घरात दुसरं कोणी नव्हतंच तरी आवाज खाली आणला. "ती होती डावरी. कोणाक सांगू नको हां."

सासू वारून पस्तीस वर्षं झालेली! पण त्या काळात सून डावरी म्हणजे वाढताना, जेवताना, देवाला फूल वाहताना सगळीकडे उजवा हात लागायचा, चारचौघांत तिने तो लावलाही. चुलीसमोर पाठ करून बसली की कोण बघतंय, तिथे डावा. लग्नाला वर्ष झाल्यावर आजींनी एकदा मागून बघितलं, सासूने बघितलं की सुनेने बघितलंय, आणि दोघी काही बोलल्या नाहीत. एवढंच. हे मला, त्यांच्या भाषेत सुताराच्या पोराला, खळ्यात बसून सांगितलं कारण चाटूने आधीच चुगली केली होती.

मी माझा नापास झालेला चाटू जुन्यावर ठेवून बघितला. पुढे उरलेला भाग म्हणजे झिजलेलं लाकूड, एखाद्या सुपारीएवढं भरेल. मी सहज म्हटलं, बघा आजी, एवढं लाकूड गेलं कुठे.

"खंय जातला? पेजेत गेला. पेज पोटात गेली. सगळ्यांनी मिळान खाल्ला."

आणि चहा गाळायला निघून गेल्या. मी चमचे विकताना लोकांना केवढं काय काय सांगतो, निसर्गाशी नातं, झाडाचा स्पर्श, प्रदर्शनात माईकवर सुद्धा बोललोय. हे असलं कधी सुचलं नाही. त्या घरातली चार पिढ्यांची माणसं लाकडी चाटू खाऊन मोठी झाली, आणि तो चाटू होता फणसाचा, गरे पण त्याच झाडाचे, कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी पण त्याचीच.

फणसाचाच आहे हे मी आत कापून बघितलं तेव्हा नक्की झालं, दांड्याच्या टोकाला नखाएवढा कपचा काढला तर आत अजून पिवळसर. ताजं कापलं की हळदीसारखं पिवळं असतं आणि वयाबरोबर तपकिरी होत जातं. रंग इतका पक्का की पूर्वेकडच्या देशांत बौद्ध भिक्षूंची चीवरं फणसाच्या लाकडाच्या रंगात रंगवायचे, आणि तिकडे दक्षिणेत मृदंग याचाच. खाण्याच्या भांड्याला लाकूड निवडताना मात्र डोकं ठिकाणावर पाहिजे. पांगारा सावंतवाडीच्या खेळण्यांना चांगला, हलका, पण चमचा केला तर पाणी पिऊन बसेल. बिब्ब्याचा चीक अंगावर उठतो. आणि मागे एक हौशी दादा माझ्याकडे छान टणक फांदी घेऊन आले, याचा चमचा शिकवा म्हणून, बघतो तर काजरा! ज्याच्या बियांत स्ट्रिकनीन असतं तो. दादांना म्हटलं दाराला कडी करा हवी तर, पेजेत नको.

असो. आजींना म्हटलं याच फणसातून करू या. खोडाचं बाहेरचं पांढरट लाकूड पाच महिन्यांत वाळवीने भुसा करून टाकलेलं, पण आतल्या पिवळ्याला तिने तोंड लावलेलं नाही, जसंच्या तसं. मला खोड नकोच होतं. फांदी जिथे खोडातून वळून निघते तो बाक हवा होता, कारण तिथे लाकडाच्या रेघासुद्धा वळलेल्या असतात. सरळ फळीतून वाकडा चाटू कापला की मानेपाशी रेघा तुटतात आणि एक दिवस मान मोडते. बाकातून काढला की रेघ दांड्यातून टोकापर्यंत सलग. पण मधला गाभा काढून टाकायचा, ठेवला तर सुकताना हमखास तडा जातो.

बाक कापला, उभा चिरला, गाभा काढला, वाकस घेऊन तासायला बसलो. तिसऱ्या का चौथ्या घावाला खण्णकन आवाज. वाकसाची धार गेली, बरी दाण्याएवढी खाच. लाकडाच्या आत खिळा! वरून काहीच दिसत नव्हतं, झाडाने वर्षानुवर्षं वाढत त्याला पूर्ण गिळलेलं, आणि त्याच्याभोवती लाकूड शाईसारखं काळं. मी मनातल्या मनात काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. बापाचा वाकस होता तो. दीड तास दगडावर घासत बसलो.

आजी मात्र खूश. "तो कंदिलाचो खिळो! म्हाताऱ्यान मारलेलो. तेवां लायट खंय होती." खिळा उपटून दिला तर धुऊन पदराला बांधून ठेवला. वर हुकूम सोडला की काळा डाग काढायचा नाही. तो डाग बरोबर दांड्याच्या मध्यावर येत होता, ठेवला.

मग आकार. मी म्हटलं आजी, आता नवीनच करतोय तर तिरकी कड तशीच ठेवतो पण खोलगट बाजू दुसऱ्या अंगाला घेतो, म्हणजे सुलटा धरता येईल, चव बघायला पेज पण उचलता येईल. माझ्या मते एकदम लॉजिकल.

"पन्नास वर्सां उलटो धरलंय. आता सुलटो धरून खंय जावचा आसा माका?"

विषय संपला. म्हणून मी त्या दिवशी, शुद्धीत असताना, एका उजव्या बाईसाठी डावऱ्या हाताचा झिजलेला चाटू नवीन कोरून दिला. कड तिरकी करायला जुना चाटू टेकवून पेन्सिलीने आखलं, करवतीने कापलं, वाकड्या सुरीने खोलगट केलं, हाताला चीक लागला तो खोबरेलाने काढला. दर दहा मिनिटांनी आजी चाटू घेऊन टोपात फिरवायच्या आणि परत द्यायच्या, "अजून वायच काढ". मी काढायचो. परत, वायच. पन्नास वर्षांची झीज मी दुपारच्या दोन तासांत करायला बघत होतो, ते होणारच नव्हतं, शेवटी पाचव्या वेळी टोपाच्या तळावर आवाज बदलला, खरखर जाऊन नुसता सूं असा, आणि त्या म्हणाल्या आता बरो बसलो.

लाकूड अजून ओलसर होतं, म्हणून सांगितलं की लगेच चुलीजवळ ठेवू नका, कपच्यांसकट कागदात गुंडाळा, तांदळाच्या डब्यात पंधरा दिवस ठेवा. हो म्हणाल्या. नातीने नंतर सांगितलं की दुसऱ्याच दिवशी पेजेत घातला. तडा गेला नाही हे फणसाचं पुण्य, माझं नाही.

पैशांवरून थोडं झालं. मी साडेचारशे सांगितले. "लाकूड माझा, खिळो माझो, आणि पैशे पण माझेच?" तीनशेवर आलो, शिवाय मातीत ठेवलेल्या आठळ्या एक पिशवीभर, वादळात झाडाबरोबर जे फणस पडले त्यातल्या. घरी येऊन निखाऱ्यावर भाजून खाल्ल्या.

तेव्हापासून वाईट सवय लागलीय, कोणाकडे गेलो की स्वयंपाकघरात डोकावून चमच्याची कड बघतो. बायको म्हणते लोक काय म्हणतील. शिवणीचं ते वल्हं परत आलं ते आमच्याच ओट्यावर आहे, इतकी वर्षं झाली, टोक अजून गोलच्या गोल. आमच्याकडे सगळं नॉनस्टिक आणि सिलिकॉनचा चमचा, तो कुठून झिजणार.