पॅटर्न नेले, पण वाळू कुठनं नेणार?

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची ग्रे आयर्नची, म्हणजे बिडाच्या ओतकामाची फौंड्री आहे. सुरुवात उद्यमनगरात, भाड्याच्या शेडमध्ये कोकवरच्या कपोला भट्टीवर, मी आणि आमचे पार्टनर मामा. नात्यातले नाहीत, पण सगळं उद्यमनगर त्यांना मामाच म्हणायचं. तेव्हा कोल्हापुरात ऑइल इंजिनाचं काम जोरात होतं, त्यामुळं ऑर्डरला तोटा नव्हता, तोटा होता भांडवलाचा.

मामा मूळचे मोल्डर, म्हणजे बॉक्समध्ये पॅटर्नभोवती (मालाचा लाकडी नमुना) वाळू ठोकून ओतायचा साचा करणारे. त्यांची थापी एका कोपऱ्यात झिजून पार गोल झालेली, तरी दुसऱ्या कुणी हात लावला की शिव्या. वाळू मुठीत दाबायची, बोटांचे ठसे स्वच्छ उठले पाहिजेत आणि गोळा मधनं मोडला की कडा धारदार राहिल्या पाहिजेत, कडा ढासळल्या तर बॉक्स मारूच नका, ही त्यांची टेस्ट. आता आमच्याकडं सँड टेस्टिंगची लॅब आहे, ओलावा साडेतीन-चार टक्क्यांत ठेवतो, तरी सकाळची पहिली मूठ मीच दाबतो. तसंच वेजचं, म्हणजे चाचणीसाठी ओतलेल्या पाचरीचं. धातू तपासायचं स्पेक्ट्रो मशीन आहे, पण ओतायच्या आधी वेज मोडून टोकाला पांढरं, कडक लोखंड किती आलंय ते बघितल्याशिवाय रसाची लॅडल हलत नाही.

मधली वर्षं बरी गेली.

मग कपोला काढून लोनवर विजेची इंडक्शन भट्टी घेतली आणि नेमकं त्याच वर्षी आमच्याकडं डिस्पॅच बघणारा माणूस बाहेर पडला, मागच्या लाइनीत शेड घेतलं आणि आमच्या सगळ्यात मोठ्या पंपवाल्या कस्टमरला किलोमागं चार रुपये कमी रेट देऊन आला. कस्टमरनं टेम्पो पाठवून पॅटर्न उचलले. पॅटर्न त्यांचेच, मान्य, पण रनर-रायझर (रस आत नेणारी वाट आणि गोठताना रस पुरवणारा साठा) कुठं आणि केवढा हे आम्ही भट्टीच्या किती हीट वाया घालवून ठरवलेलं, त्याचे पैसे कुणी दिले? वर मागची बिलंही अडकवली. भट्टी बंद असली तरी विजेचा डिमांड चार्ज लागतोच आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

तेव्हा उभे राहिले ते आमचे इचलकरंजीचे लूमवाले शेठ. गिअर आणि साइड फ्रेम घ्यायचे, ऑर्डर तशी छोटीच आणि त्यांच्याकडंही मंदी. आले, चहा घेतला आणि म्हणाले, "आण्णा, भट्टी थंड होऊ द्यायची न्हाई. स्क्रॅपचे पैसे मी देतो, माल निघंल तसा वळता करा." कागद नाही, सही नाही. आजही त्यांचा माल आधी ओततो, मग बाकीच्यांचा.

विषय निघालाच आहे तर सांगतो, उद्यम रजिस्ट्रेशन करून ठेवा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं छोट्या कारखान्याचं पेमेंट ४५ दिवसांच्या वर थांबवता येत नाही, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. मागायला आपली जीभ रेटत नाही ही गोष्ट वेगळी. आणि पॅटर्न देताना-घेताना चलन केल्याशिवाय गेटच्या बाहेर सोडू नका.

तर त्या डिस्पॅचवाल्या पठ्ठ्याचे पंपाचे केसिंग (बाहेरचं कवच) हायड्रो टेस्टला, पाण्याच्या दाबाखाली, घाम फोडायला लागले, म्हणजे झिरपायला लागले. यील्ड, म्हणजे तेवढ्याच रसात निघणारा माल, वाढवायला त्यानं रायझर छाटलेला आणि घाईत बॉक्स ढिले मारलेले. ग्रे आयर्न गोठताना आतलं ग्रॅफाइट फुगतं, साचा टणक असला तर तोच दाब पोकळी भरून काढतो, साचा ढिला असला की भिंतच बाहेर सरकते आणि जाड भागात स्पंजासारखी जागा राहते. हे डिस्पॅचच्या रजिस्टरमध्ये कुठं लिहिलेलं असतं?

परचेसवाले साहेब स्वतः आले, गाडीत पॅटर्न घेऊन. मी म्हटलं रेट जुनाच, पण आधी मागची बिलं. चेक तिथंच फाडला. मामा कोपऱ्यात बसून छाटलेल्या रायझरवर बोट फिरवत होते, मापं घेऊन लगेच नव्या रायझरसाठी सागवान काढायला सांगितलं पोराला.

तो माणूस अजून आहे मागच्या लाइनीत. काउंटरवेट (तोलाची वजनं) ओततो, आतनं पोकळ निघालं तरी टेस्ट कोण करतंय.