तिहाई: दमदार आणि बेदम

हिंदीत ‘तिहाई’ म्हणजे एक तृतीयांश. एकच बोल, म्हणजे तबल्याच्या अक्षरांचा तुकडा, तीनदा वाजवून शेवटचा ‘धा’ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर (ठोक्यावर), आणायचा, यावरून तबल्यात हे नाव रुळलं. बोल पुन्हा सुरू होण्याआधी विश्रांती असेल तर ती दमदार, नसेल तर बेदम. हा ‘दम’ फारसीतला, अर्थ श्वास. मराठीत ‘जरा दम खा’ म्हणतो तोच.

सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून तिहाई घ्यायची तर हिशेब १६ चा नाही, १७ चा. कारण शेवटचा ‘धा’ पुढच्या समेवर पडतो. नवशिक्यांची तिहाई इथेच चुकते. चार मात्रांचा बोल, मध्ये दोन-दोन मात्रांचा दम असं धरलं की १२ अधिक ४ म्हणजे १६, आणि ‘धा’ समेच्या एक मात्रा आधीच येऊन थांबतो.

‘तिट कत गदि गन धा’ या पाच मात्रा घ्या. तीनदा म्हणजे १५, मधले दोन दम एकेक मात्रेचे, एकूण १७. ‘धा’ पाचव्या, अकराव्या मात्रेवर आणि मग समेवर. दम दोनच असतात, तीन नव्हे!

खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, ९ मात्रा मिळतात: ‘तिट कत धा’ तीनदा, बेदम. दहा मात्रांच्या झपतालात समेपासून ११. तिथे तीन मात्रांचा बोल आणि एकेक मात्रेचा दम चपखल बसतो.

दमाची मात्रा घाईत खाल्ली जाते. म्हणून आधी हातावर ताल धरून पढंत करावी, म्हणजे बोल तोंडाने म्हणावेत, दमाच्या जागी ‘एक’ मोठ्याने म्हणावं, आणि मगच तबल्यावर हात ठेवावा.