ऑडिओ गाइड कानाला लावून व्हर्साय

दिवसभर पॅरिसजवळच्या व्हर्सायचा राजवाडा पाहून झाला. ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

ऑडिओ गाइडचं अ‍ॅप आदल्या रात्रीच वायफायवर उतरवून घ्या, ऑडिओ फायलींसकट. जाड दगडी भिंतींमुळे आत सिग्नल कधी येतो, कधी जातो. जीपीएसच्या भरवशावर तर अजिबात राहू नका, दालनातल्या पाटीवरचा क्रमांक बघूनच ट्रॅक लावा. डागडुजीसाठी एखादं दालन बंद असलं की क्रमांक मधेच उडी मारतो आणि क्रमाने ऐकणाऱ्याच्या कानात भलत्याच खोलीचं वर्णन सुरू होतं. वायरचे इअरफोन बरे, आणि तेही एकाच कानात. दुसरा कान सोबतच्यांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी मोकळा हवा.

सगळे जण पाटीखालीच घोळका करतात. क्रमांक वाचा आणि समोरच्या खिडकीकडे सरका. छत तिथूनच नीट दिसतं. दालनं एकातून एक उघडत जातात, गर्दीच्या उलट परत फिरणं जिकिरीचं. म्हणून ट्रॅक संपेपर्यंत पाय हलवायचा नाही.

आरसेमहालात मात्र आधी ऑडिओ थांबवा. 73 मीटर लांबी, 17 खिडक्या, त्यांच्यासमोर आरशांच्या 17 कमानी, एकूण 357 आरसे. हे डोळ्यांनी घ्यायचं. 28 जून 1919 ला पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह इथेच झाला, ते नंतर ऐका.

ट्रॅकच्या एकूण वेळेच्या दुप्पट वेळ धरा. चालणं आणि रेंगाळणं त्यात मोजलेलं नसतं. आणि हो, सोमवारी राजवाडा बंद!