चौदा खडे, एक लाल दिवा

सराफांच्या काउंटरवर हल्ली एक छोटं यंत्र दिसतं. खड्याला त्याची बारीक नळी टेकवायची. हिरवा दिवा लागला की 'नॅचरल', लाल लागला की 'सीव्हीडी', म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला, असं दुकानातली पोरं गिऱ्हाइकाला बिनदिक्कत सांगतात. यातलं पहिलं बरंचसं खरं आहे. दुसऱ्यामुळे आमच्याकडे माणसं भांडत येतात.

आमची हिरे तपासायची लॅब मुंबईत ऑपेरा हाउसला. २०१० नंतर हिरेबाजार बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समध्ये गेला, तरी जुने दलाल अजून इथल्या जिन्यांवर भेटतात, आणि आमचं पोट त्यांच्या पडीक्यांवर, म्हणजे हिऱ्यांच्या कागदी पुड्यांवर, चालतं. बारीक मालात लॅबग्रोन मिसळलाय का, एवढंच त्यांना हवं असतं. घरगुती दागिना घेऊन थेट येणारी माणसं क्वचितच. त्यामुळे त्या दिवशी सातारकडचं ते कुटुंब आलं तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांना आधी 'जांगडचा (पसंतीवर आणलेला) माल आहे का?' असं विचारून गोंधळात टाकलं.

तिघं होती. साठीचे गृहस्थ, त्यांच्या पत्नी आणि गृहस्थांची धाकटी बहीण. रुमालात बांधलेल्या डबीतून हिऱ्याच्या कुड्या निघाल्या. एकेका कुडीत सात खडे, मधला जरा मोठा, जड जुनं सोनं, मागून बंद कोंदण. आई गेल्यावर वाटणीसाठी किंमत करायला गावातल्या सराफाकडे नेल्या, तर डाव्या कुडीतल्या एका खड्यावर यंत्राने लाल दिवा दाखवला. सराफ म्हणाला, "हा एक सीव्हीडी बसवलाय कुणीतरी." आई शेवटची काही वर्षं अंथरुणात होत्या आणि कुड्या सुनेच्या कपाटात होत्या. पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आईच्या कानात होत्या तोवर चौदाही खरेच होते," बहीण म्हणाली. भावजयीकडे न बघता, माझ्याकडे बघून.

"तेच विचारा ना मग त्यांना वन्सं, काय बदललंय ते. त्यासाठीच आलोय एवढ्या लांब."

गृहस्थ भिंतीवरचा रंगांचा तक्ता वाचत बसले होते.

मी आधी आमच्या यंत्रावर चौदाही खडे तपासले. तेरा हिरवे, एक लाल. सराफाने आकडा बरोबर सांगितला होता. चुकलं होतं ते त्याचं भाषांतर.

यंत्र काय शोधतं ते सांगते. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, हे शाळेतलं वाक्य जवळपास खरं आहे. निसर्गातल्या बहुतेक हिऱ्यांत थोडा नायट्रोजन अडकलेला असतो. हे हिरे जमिनीखाली साधारण दीडशे-दोनशे किलोमीटरवर, हजाराच्या आसपास अंश उष्णतेत तयार होतात आणि ज्वालामुखीच्या किंबर्लाइट खडकातून वर फेकले जाईपर्यंत तिथेच पडून राहतात. बऱ्याच हिऱ्यांचं वय १०० ते ३५० कोटी वर्षांच्या घरात आहे. एवढ्या अवधीत सुटे नायट्रोजनचे अणू सरकत सरकत दोन-दोन, तीन-तीन, चार-चार असे एकत्र येतात. तिघांच्या गटाची ४१५ नॅनोमीटरची ठरलेली खूण प्रकाशात दिसते. सीव्हीडी खडा मिथेन आणि हायड्रोजनच्या तापवलेल्या वायूतून, बंद भांड्यात, पातळ हिऱ्याच्या चकतीवर थरावर थर बसून काही आठवड्यांत वाढतो. त्यात नायट्रोजन मुळात नगण्य आणि एकत्र यायला वेळही नाही. म्हणून यंत्र ती खूण शोधतं. सापडली की हिरवा. नाही सापडली की लाल.

म्हणजे लाल दिव्याचा अर्थ 'मला सापडली नाही, पुढे पाठवा' इतकाच. यंत्र बनवणाऱ्यांच्या पुस्तिकेतही तेच लिहिलेलं असतं, पण ती पुस्तिका खोक्यातच राहते. कारण नैसर्गिक हिऱ्यांतही शंभरात एक-दोन असे असतात ज्यांत नायट्रोजन जवळजवळ नसतोच. त्यांना आम्ही टाइप टू-ए म्हणतो. कोहिनूर त्यातला, १९०५ साली दक्षिण आफ्रिकेत सापडलेला ३,१०६ कॅरेटचा कलिनन त्यातला. आणि यंत्राच्या लेखी कोहिनूरही 'पुढे पाठवा'च्या रांगेत बसेल.

हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. शंभरात एक-दोन ही शक्यता हातात घेऊन कुणाला दिलासा देणं बरं नव्हे. जुन्या दागिन्यात नवे खडे बसवणारे लोक आहेत, आणि मुद्दाम जुन्या घाटाने पैलू पाडलेला लॅबग्रोनही बाजारात मिळतो. दागिना जुना म्हणून खडा जुना, असं धरता येत नाही.

खडे सुटे करायला लागणार होते. बंद कोंदणात खालून प्रकाश जात नाही, वजन घेता येत नाही. फॉर्मवर तिघांच्याही सह्या घेतल्या. तिघांच्या घ्यायच्या हे आमच्या साहेबांनी सुचवलं, आणि फार शहाणपणाचं ठरलं. आमचे सेटर, म्हणजे खडे बसवणारे कारागीर, मेदिनीपूरकडचे, सगळे त्यांना दादाच म्हणतात. त्यांनी चौदा कप्प्यांची ट्रे घेतली, कुडीचा नकाशा कागदावर काढला आणि एकेक खडा त्याच्या नंबराच्या कप्प्यात ठेवत गेले. कोंदणाच्या तळाशी चमक वाढवायला घातलेला चांदीचा पत्रा काळाठिक्कर पडला होता. आणि खड्यांच्या पाठीला चिकट, पिवळट थर. वर्षानुवर्षांचं खोबरेल.

हिऱ्याचा हा गुण लोकांना ठाऊक नसतो. पाणी त्याला चिकटत नाही, तेल मात्र घट्ट धरतं. किंबर्लीच्या खाणींत याच गुणावर चरबी फासलेली टेबलं वापरत: खडकाचा चुरा पाण्याबरोबर वाहून जायचा, हिरे चरबीला चिकटून राहायचे. म्हणूनच बाईच्या कानातला हिरा महिन्याभरात मंद दिसायला लागतो. खडा 'उतरला' म्हणून घाबरणाऱ्यांना मी आधी कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश सांगते.

खडे आम्लात उकळून स्वच्छ झाल्यावर मी सूक्ष्मदर्शकाखाली घेतले, आणि दुपारचं जेवण राहिलं ते राहिलंच.

लाल दिव्याचा तो खडा, डावीकडचा चौथा, जुन्या हाताचा होता. वरचं टेबल, म्हणजे माथ्यावरचा सपाट पैलू, लहान, माथा उंच, गोलाई थोडी चुकलेली. तळाचं टोक बोथट कापलेलं, त्यामुळे टेबलातून सरळ खाली बघितलं की मधोमध एक बारीकशी खिडकी दिसते. पैलूंच्या कडा झिजलेल्या. हिऱ्याला हिराच ओरखडतो. एका डबीत दोन कुड्या एकमेकींवर घासत राहिल्या की वर्षानुवर्षांनी अशी झीज येते. रंगाला किंचित तपकिरी झाक, डी ते झेड या रंगश्रेणीत के-एलच्या आसपास.

मग बाकीचे बघत गेले आणि उजव्या कुडीतल्या सहाव्या खड्यावर थांबले. यंत्रावर तो बिनतक्रार हिरवा होता. पण त्याचं टेबल मोठं, तळ टोकदार, गोलाई एकदम नेमकी, कडा धारदार. मार्सेल टोल्कोव्हस्कीने १९१९ साली प्रकाशाच्या गणितावरून जी प्रमाणं मांडली, त्या वळणाचा, सुरतेच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, घडलेला असावा असा आधुनिक ब्रिलियंट. शेजारचा पाचवा खडा जुनाच, पण त्याच्या एका बाजूच्या पैलूंवर दुधाळ धुरकटपणा. पुसून जाईना. तो मळ नव्हता, भाजल्याची खूण होती. हिरा हवेत ७०० अंशांच्या पुढे तापला की पृष्ठभागावर जळायला लागतो. शेवटी कार्बनच तो. १७९७ साली स्मिथसन टेनंटने हिरा जाळून तेच दाखवलं. जाणकार कारागीर म्हणून झाळकाम करताना खड्याला आधी बोरिक अॅसिडचा लेप देतो. इथे कुणीतरी तो न देता फुंकणी मारली होती.

म्हणजे दुरुस्ती झाली होती, आणि खडाही बदलला होता. फक्त दुसऱ्या कानात.

लाल खड्याचं काम अजून बाकी होतं. इन्फ्रारेड घेतला: नायट्रोजनची खूण नाही, टू-ए नक्की. एकमेकींना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलराइज्ड काचांमध्ये धरला तर आत चटईची वीण दिसली, उभे-आडवे ताणाचे पट्टे. पृथ्वीच्या पोटात दाबाखाली स्फटिक पिळवटतो त्याचे हे व्रण, आणि टू-ए हिऱ्यातली तपकिरी झाकही त्याच पिळवटण्यातून येते. डायमंडव्ह्यू यंत्राच्या अतिनील प्रकाशात अंगभर निळं बारीक जाळं उमटलं. सीव्हीडी असता तर थरांच्या समांतर रेषा दिसल्या असत्या. उच्च दाबाच्या यंत्रात वाढवलेला असता तर स्फटिकाच्या वाढीचे कप्पे वेगवेगळे उजळले असते. शेवटी खडा द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना बुडवून लेझरखाली घेतला. सीव्हीडीच्या भांड्यात क्वार्ट्झची काच असते, तिचं सिलिकन खड्यात शिरतं आणि ७३७ नॅनोमीटरला पुष्कळदा चुगली करतं. इथे तिथे काही नव्हतं.

एक शंका उरते ती अशा खड्यांत नेहमीच काढावी लागते. १९९९ पासून तपकिरी टू-ए हिरे दाब-उष्णतेच्या प्रक्रियेने पांढरे करून विकले जातात. लेझरच्या आलेखात त्याच्याही खुणा नव्हत्या. आणि व्यवहाराचा हिशोब आलेखाआधीच सांगत होता की प्रक्रियेला पैसे मोजून खडा तपकिरीच कोण ठेवेल?

साहेबांनी सगळं स्वतः पुन्हा बघितलं. दोन सह्यांशिवाय आमचा अहवाल निघत नाही.

तिघांना आत बोलावलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. लाल दिव्याचा खडा नैसर्गिक आहे, हे सांगितल्यावर वहिनींनी फक्त पदर सारखा केला. बहिणीने लगेच विचारलं, "मग यंत्राने लाल का दाखवलं?" नायट्रोजनचं सगळं सांगितलं. कोहिनूरही त्याच जातीचा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे गोवळकोंड्याचा?"

हा प्रश्न येणार हे ठाऊक असतं. व्यापाऱ्यांनी टू-ए आणि गोवळकोंडा यांची अशी मोट बांधलीय की दोन्ही एकच वाटावेत. कृष्णेकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतून असे हिरे निघाले हे खरं, पण टू-ए दक्षिण आफ्रिकेत निघाले, लेसोथोच्या लेत्सेंग खाणीत आजही निघतात. जुने अहवाल आणि वंशावळी नसतील तर खड्याकडे बघून त्याचं गाव सांगता येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठे टू-ए हिरे ३६० ते ७५० किलोमीटर खोल, वितळलेल्या धातूच्या सान्निध्यात तयार झाल्याचं दिसलं. पण तुमचा वीस सेंटचा, त्याच्याबद्दल मी तसं छातीठोक बोलणार नाही, असं म्हटलं. वीस सेंट म्हणजे कॅरेटचा पाचवा हिस्सा, ४० मिलिग्रॅम. एवढ्याशा, तपकिरी झाकीच्या खड्याला टू-ए म्हणून कुणी जास्तीचे पैसेही देत नाही.

मग उजवीकडच्या सहाव्याचं सांगितलं. तो नैसर्गिक आहे, हिरवा दिवा चूक नाही. पण तो बाकीच्यांबरोबरचा नाही, मागाहून बसवलेला आहे.

"मग तो हलका?" बहीण.

"नाही. रंगाने सगळ्यांत पांढरा आणि घडणीनेही चांगला. विकायला गेलात तर चौदांत त्यालाच बरा भाव येईल."

"कधी बसवला असेल?" गृहस्थांनी दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं.

ते सांगता येत नाही. खडा नैसर्गिक की लॅबमध्ये वाढवलेला, प्रक्रिया केलेला की नाही, एवढं लॅब लिहून देते. कुणी, कधी, का, हे खड्यात नसतं. कोंदणातला मळ आणि त्या जागच्या सोन्याची झीज बघून दादांनी 'हे पुष्कळ जुनं काम आहे' इतकं म्हटलं, पण ते आमच्या अहवालात येत नाही, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

"आईने एकदा कुडी दुरुस्तीला दिली होती," गृहस्थ म्हणाले. "मी शाळेत होतो. नानांना कळू द्यायचं नाही म्हणून मीच सायकलवरून आणली होती. कोणती होती, डावी की उजवी, ते नाही आठवत."

"मला नाही आठवत असं काही," बहीण म्हणाली.

"तुम्ही तीन वर्षांच्या असाल तेव्हा वन्सं," वहिनी म्हणाल्या. "आणि मी या घरात आलेही नव्हते."

कुणी काही बोललं नाही. दादांनी खडे बसवायला दोन दिवस मागितले. बंद कोंदणाचं काम घाईत केलं तर खडा ढिला राहतो. चांदीचा पत्रा नवा घालायचा का, हे विचारलं. जुनाच राहू दे, असं बहीण म्हणाली, तर तो काळा पडलाय, खडे मेलेले दिसतील, नवाच घाला, असं वहिनी म्हणाल्या. दोघींनी माझ्याकडे बघितलं. नवा, म्हटलं.

पावती करताना वहिनी काउंटरवर परत आल्या. "अहवालाच्या दोन प्रती द्या," त्या म्हणाल्या. "एक वन्संच्या नावाने. आणि त्या सराफाला दाखवायला एक झेरॉक्सही काढा, मराठीत समजेल अशी असेल तर फार बरं."