हायपेकचं मशीन बनवताना: पाणी गरम करणं सोपं, तापमान कळणं अवघड

हायपेक म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगतो. कॅन्सर पोटाच्या पोकळीच्या आतल्या अस्तरावर पसरला असेल तर सर्जन दिसतील तेवढ्या सगळ्या गाठी काढतात आणि मग त्याच ऑपरेशनमध्ये 40 ते 43 डिग्रीपर्यंत गरम केलेलं केमोचं औषध पोटात फिरवत ठेवतात, अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत, औषध कुठलं त्याप्रमाणे. औषध टिश्यूत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर शिरतं म्हणून आधी गाठी काढाव्याच लागतात. आणि हे औषध गरम करून फिरवणारं जे मशीन असतं त्याच्या कामात मी पुण्यात एका छोट्या टीमसोबत होतो, मी मेकॅनिकलचा, बाकी दोघं इलेक्ट्रॉनिक्सचे.

घरी सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "म्हणजे गीझरला पंप जोडायचा, एवढंच ना?" खरं सांगू का, कागदावर तसंच दिसतं. मिनिटाला एक लिटर पाणी सहा डिग्रीने तापवायला साधारण 420 वॅट पुरतात, आणि ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरच्या) थंडीत 22 डिग्रीवर असलेलं, औषध ज्यात मिसळायचं ते चार लिटर सलाईन 42 ला न्यायला हजार वॅटचा हीटर असला तर सहा मिनिटांच्या आसपास. रोलर पंप, हीट एक्स्चेंजर (पाण्याला उष्णता देणारा भाग), रिझर्व्हायर (साठवायची टाकी), फिल्टर, नळ्या, झालं. या प्रकारातला पहिला प्रयोग 1980 मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलला जॉन स्प्रॅट आणि त्यांच्या टीमने छापला, आणि गंमत म्हणजे त्या पेपरचा विषयच औषध पोहोचवायची सिस्टीम हा होता. नंतर वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकरांनी ही ट्रीटमेंट जगभर नेली. म्हणजे मशीन काही नवीन नाही, बाहेरची दोन-चार मिळतात पण आपल्याकडच्या हॉस्पिटलांना ती आणि त्यांचे एकदाच वापरायचे नळ्यांचे सेट परवडणं अवघड जातं, म्हणून आमचा हा खटाटोप.

आता खरी भानगड. स्क्रीनवर 42 दिसतंय, पण ते कुठलं 42? एक्स्चेंजरमधून बाहेर पडतानाचं, नळीतून पोटात शिरतानाचं, बाहेर येतानाचं की डायफ्रॅमखाली लिव्हरच्या मागे साचलेल्या पाण्याचं? दोन मीटर नळी थंड ओटीतून जाते, तिथेच डिग्री-दीड डिग्री पडते, पुढे रक्त उष्णता ओढून नेतं. बेंचवर आमच्याकडे एक्स्चेंजरला 45 असताना बाहेर येणाऱ्या नळीत 41 च्या आसपास दिसायचं. सर्जन सरांना पोटातलं हवं असतं, मशीनला त्याच्या तोंडाशी जे आहे ते कळतं, आणि मधल्या फरकापोटी तुम्ही आंधळेपणाने हीटर वाढवलात तर इनलेटजवळच्या आतड्याला भाजायची भीती. म्हणून आम्ही कंट्रोल लूप (तापमान बघून हीटर कमी-जास्त करणारी यंत्रणा) पोटात जाणाऱ्या नळीच्या रुग्णाजवळच्या टोकावर बांधला, पोटातल्या प्रोबचे (तापमान मोजणाऱ्या सेन्सरचे) आकडे वेगळे दाखवले, आणि सरासरी काढून एकच मोठा आकडा दाखवायचा हट्ट मार्केटिंगवाल्यांनी धरला तो मी शेवटपर्यंत मान्य केला नाही. सरासरी 42 म्हणजे एकीकडे 45 आणि दुसरीकडे 39 पण असू शकतं ना.

पोटातलं मिक्सिंग बघायला आम्ही एक झाकणाचा प्लास्टिकचा टब घेतला आणि मटणवाल्याकडून वजडी आणली. सकाळी सकाळी एवढी वजडी मागितली तर तो म्हणाला, "काय साहेब, पार्टी का?" काय सांगणार त्याला! साफ करून टबात घातली, वर सलाईन, जागोजागी थर्मिस्टर (तापमान मोजणारे छोटे सेन्सर), आणि इनलेटमधून मेथिलीन ब्लू सोडला. निळा रंग सरळ जवळच्या आउटलेटकडे गेला आणि खालच्या घड्या कितीतरी वेळ पांढऱ्याच. तिथलं तापमान पण मागे. म्हणजे पंप वाढवून हे सुटत नाही, पाणी शॉर्टकटच घेतं, त्याला नळ्यांच्या जागा बदलाव्या लागतात आणि हाताने ढवळावं लागतं. म्हणूनच पोट उघडं ठेवून करतात तेव्हा सर्जन ग्लोव्ह घालून हाताने ढवळत राहतात आणि बंद करून करतात तेव्हा बाहेरून पोट हलवत राहतात. हे मी आधी वाचलेलं होतंच, पण वजडीत तो निळा रंग अडलेला बघितल्यावर आउटलेटला एकाऐवजी जास्त नळ्या आणि वाय कनेक्टर द्यायला टीममध्ये कोणाचा विरोध उरला नाही.

बबल सेन्सरने वेगळाच वैताग दिला. सलाईन गरम झालं की त्यात विरघळलेली हवा सुटते, सेन्सर ओरडतो, पंप थांबतो, पंप थांबला की पोटातलं थंड व्हायला लागतं. हे पाणी रक्तात जात नाही, त्यामुळे डायलिसिसच्या मशीनइतका कडक बबल अलार्म इथे लावण्यात अर्थ नव्हता. आम्ही रिझर्व्हायरमध्ये हवा वर सुटायला जागा दिली आणि अलार्म लेव्हल आणि प्रेशरवर नेला.

इलेक्ट्रिकल सेफ्टीच्या टेस्टिंगला गेलो तिथला किस्सा सांगतोच. स्टँडर्डचं म्हणणं असं की एखादी गोष्ट बिघडली तरी रुग्णाला इजा होता कामा नये. टेस्टिंगच्या साहेबांनी आल्या आल्या विचारलं, "थर्मिस्टरची वायर तुटली तर?" आमच्या थर्मिस्टरचा रेझिस्टन्स गरम झाला की कमी होतो, 25 डिग्रीला 2252 ओहम, त्यामुळे वायर तुटली की रेझिस्टन्स अनंत, मशीनला वाटणार फारच थंड आहे आणि ते हीटर पूर्ण ताकदीने चालू करणार. म्हणून ठराविक रेंजबाहेरचं रीडिंग आलं की हीटर बंद, आणि शिवाय सॉफ्टवेअरशी काहीही संबंध नसलेला वेगळा थर्मल कटऑफ थेट हीटरच्या सप्लायमध्ये. त्यांनी आमच्यासमोर कटरने वायर कापली, हीटर बंद पडला, मग ते हसले. लिकेज करंटला (मशीनमधून रुग्णाकडे झिरपणाऱ्या विजेला) मात्र घाम फुटला, कारण सलाईन वीज वाहून नेतं, म्हणजे रुग्ण पाण्याच्या धारेने मशीनला जोडलेलाच असतो. आमच्यासारख्या, रुग्णाला जोडलेल्या बीएफ टाइपच्या मशीनला नॉर्मल कंडिशनमध्ये 100 मायक्रोअँपिअरची मर्यादा आहे, त्यात बसण्यासाठी हीटरचं इन्सुलेशन परत करावं लागलं.

लायसन्सचं सांगायचं तर मेडिकल डिव्हाइस रूल्स 2017 चे, आणि सी-डी या जास्त जोखमीच्या वर्गांसाठी 1 ऑक्टोबर 2023 पासून लायसन्स सक्तीचं. आमचं मशीन सी मध्ये. आधी टेस्ट लायसन्स, मग डिव्हाइस मास्टर फाइल, प्लांट मास्टर फाइल, रिस्क मॅनेजमेंट, सॉफ्टवेअरचे कागद, नळ्या आणि औषध एकमेकांना त्रास देत नाहीत याचे रिपोर्ट. शंका आली की उत्तर द्या, परत शंका. कंटाळवाणं आहे पण एकदा बसून केलं की होतं, त्यावर जास्त लिहित नाही.

ओटीत पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा जे कळलं ते कुठल्या फाइलमध्ये नव्हतं. सिस्टरच्या हातात दोन-दोन ग्लोव्ह, केमो अंगावर उडायला नको म्हणून गॉगल आणि गाऊन, आणि आमचा कनेक्टर फिरवायला घट्ट. त्या म्हणाल्या, "सर, ओल्या ग्लोव्हने फिरवून दाखवा बरं." पुढच्या सेटला कनेक्टरला पंख आले. भूलतज्ज्ञ मॅडमचं लक्ष अन्ननलिकेतल्या प्रोबकडे, शरीराचं तापमान 39 च्या पुढे सरकायला लागलं की त्या आमच्याकडे बघायच्या, कारण त्यांना कूलिंग ब्लँकेटने सांभाळायचं असतं आणि आमचं मशीन नेमकं उलट करत असतं. म्हणून तो आकडा पण आता आमच्या स्क्रीनवर आहे.

"याने खरंच फायदा होतो का" हे सगळे विचारतात. सरसकट उत्तर नाही. 2018 च्या डच अभ्यासात तिसऱ्या स्टेजच्या ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये सिस्प्लॅटिन 40 डिग्रीला 90 मिनिटं दिलं, तिथे आयुष्य वाढलं, मध्यम आकडा 33.9 महिन्यांवरून 45.7. फ्रान्सच्या प्रॉडिज 7 या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला ऑक्सॅलिप्लॅटिन 43 डिग्रीला 30 मिनिटं दिलं, तिथे एकूण आयुष्यात फरक पडला नाही. औषध वेगळं, वेळ वेगळी, तापमान वेगळं. म्हणून आमच्या मशीनवर एका बटनाचा ठरलेला प्रोग्रॅम नाही, डॉक्टर भरतात ते चालतं, आणि सगळ्या प्रोबचं रीडिंग केस संपली की वेळेसकट पेनड्राइव्हवर मिळतं. सध्या सेटची किंमत कमी करायच्या मागे आहोत, फिल्टर महाग पडतोय.