धुऱ्यावरचे लावे

कारंजा लाडहून सोहोळकडे निघालो तेव्हा दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी चालू होती. काळविटांसाठी राखलेलं कारंजा-सोहोळ अभयारण्य इथलंच, जेमतेम 18 चौरस किलोमीटरचं. मी आलो होतो हद्दीबाहेरच्या ई-क्लासात, सरकारी चराईच्या पडितात, लावे पक्षी बघायला. सोबतीला जवळच्या गावातले एक फासेपारधी काका. त्यांच्या आधीच्या पिढ्या फासे मांडून लावे धरत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती शिकार बेकायदा ठरली. गवताची जाण मात्र काकांकडे शाबूत आहे.

"वरतून नका पाहू भाऊ, खाली वाका."

वाकलो आणि रानच बदललं. कुसळी, शेडा ही गवतं ठोंबाठोंबानं वाढतात. वर पाती एकमेकांत मिसळून छप्पर झालेलं, खाली दोन ठोंबांमध्ये उघडी माती. लावा आधी पळतो, अगदीच जवळ गेलं तर उडतो. त्याला अशाच वाटा लागतात. वरून शिक्र्याला दिसत नाही, खाली पिल्लं अडखळत नाहीत. मोठे लावे गवताचं बी वेचतात, रानसाव्याचे दाणेही. पिल्लांची सुरुवातीची वाढ मात्र वाळवी आणि बारीकसारीक किड्यांवर होते, आणि ते किडे याच गवताच्या बुडाशी.

पुढे बोराटीच्या जाळीतून भर्रकन थवा उठला, चहूकडे पांगला आणि गवतात बुडाला. बोराटी, तरवड, हिवराची काटेरी पोरं: दुपारची सावली आणि कोल्ह्यापासून आडोसा इथंच.

शेतांमध्ये हे सगळं आता धुऱ्यापुरतं, म्हणजे बांधापुरतं उरलंय. उन्हाळ्यात धुरे पेटवतात, पावसाळ्यात त्यांवर तणनाशक मारतात. "धुरा जाळला तं लावे राहतीन कुठी?" काका विचारत होते. त्याहून मला सलतं ते पडिताला ओसाड म्हणून तिथं खड्डे खोदून झाडं लावणं. माळरानाला झाडांची दाटी नको असते. सावली वाढली की शेडा, कुसळी विरळ होतात, आणि लाव्यांचं घर मोडतं.

जायचं असेल तर पायवाट सोडू नका. लाव्यांची अंडी जमिनीवरच, ठोंबाच्या बुडाशी उथळ खळग्यात असतात, आणि पावसाळा सरल्यावरही त्यांची वीण चालू असते. कुत्रं सोबत नेऊ नका. पायमोजे जुने घाला, कुसळं निघता निघत नाहीत.